हिवराजभाऊंनी उतरवलेला चक्का

शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली आणि हिवराजभाऊ पटल्यांकडे मी भाड्याने राहायला गेले तेव्हा त्यांनी मला अट घातली नाही, धमकीच दिली. "मॅडम, सकाळी सातले आमचा लेथ सुरू होते. झोप मोडली तं मले सांगाचं नाई. शाळेतल्या पोट्ट्यायले सांगाचं." एवढं बोलून ते आत निघून गेले. खोली दाखवली ती त्यांच्या बायकोने, भाभींनी, आणि वर हळूच सांगितलं, "बोलणं तसंच हाये त्यायचं. मनावर घेऊ नोका."

मी मनावर घेतलंच. मी मूळची सौंदडची, त्यामुळे बोली माझ्या ओळखीची होती. पण घरमालकाने पहिल्याच भेटीत असं अंगावर यावं हे काही मला आवडलं नाही. पुढे त्याच माणसाच्या घरात मी नोकरीची कितीतरी वर्षं काढली. आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे ती प्रेमाने, पण राग अजून गेलेला नाही. नेमका कुणावर, ते लिहिताना कळलं तर बरं.

गोंदियात रेल्वेलाईनच्या पलीकडे त्यांचं घर होतं. पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये लेथ, मागे घर आणि वर माझी खोली. लेथवर लोखंड गरागरा फिरवत ठेवायचं आणि त्याला धारदार हत्यार लावून हवं तितकं छिलून काढायचं. या छिलण्याला तिथे 'उतरवणं' म्हणत. हिवराजभाऊंकडे काम यायचं ते मुख्यत्वे राईस मिलांचं. कुणाचा शाफ्ट वाकला, कुणाची पुली झिजली, कुणाच्या इंजिनाचा चक्का डुगडुगायला लागला, की तो माल टेम्पोत घालून आमच्या दाराशी यायचा. चक्का म्हणजे इंजिनाच्या टोकाला बसवलेलं जड चाक. इंजिन धक्के देत फिरतं आणि चक्का आपल्या वजनाने ते धक्के गिळून फिरणं एकसारखं ठेवतो. एवढं ज्ञान मला माडीवर बसून, भूगोलाच्या वह्या तपासता तपासता मिळालं.

घरचे ते जमीनदार पोवार. तिरोड्याच्या बाजूला भावांची धानाची मोठी शेती होती. आमचे पूर्वज माळव्यातून, धारेहून आले, हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. भावांना मात्र यांचं लेथवर वाकणं लाजिरवाणं वाटायचं. दिवाळीला भाऊ आले की शेडकडे पाठ करून बसत. एकदा थोरल्याने माझ्यादेखत विचारलं, "घरी एवढी जमीन असून लोहाराचं काम कायले करून राह्यला रे?"

"जमीन बापानं देल्ली. हे माह्यं मी केलो," हिवराजभाऊ म्हणाले आणि उठून शेडमध्ये गेले.

कामाला ते पांढरा, इस्त्रीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत. त्यावर तेलाचा डाग पडला तर दिवस वाया गेला असं तोंड करत. शेडमधून घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या तळव्यांवरून भाभी लोहचुंबक फिरवत, म्हणजे पायाला चिकटलेला लोखंडाचा कीस जेवणाच्या जागेपर्यंत जात नसे. पाहुणे, पोस्टमन, मी, कुणालाच त्यातून सूट नव्हती. काम पूर्ण झालं की हिवराजभाऊ त्यावरून उजव्या हाताची तीन बोटं फिरवत, डोळे मिटत आणि म्हणत, "बसते." म्हणजे जिथे बसवायचं तिथे ते बरोबर बसेल, आता चर्चा नको.

या 'बसते'वर शंका घेणं हा त्यांच्या लेखी मोठा गुन्हा होता. माझ्या खोलीतला पंखा थरथरायचा. मी सहज म्हटलं, तर त्यांनी तो काढून नेला, एक अख्खा रविवार त्याच्या पात्यांत घालवला आणि परत आणून लावला. तो इतका शांत फिरायला लागला की आधी मला चालू आहे हेच कळेना. मी मूर्खासारखं विचारलं, "पडणार नाही ना हो?" ते शिडीवरून उतरले, पंखा बंद केला, पलंग ओढून बरोबर त्याच्याखाली आणला, पंखा पुन्हा सुरू केला आणि त्या पलंगावर आडवे झाले. "आता मले उठवू नोका," म्हणाले. भाभी जेवायला बोलवायला आल्या तेव्हा कुठे उठले.

मिलांतही त्यांची हीच रीत होती, आणि तिथे तर ती सगळ्या मिस्त्र्यांची होती. नवा धान यायला लागला, मिलचा हंगाम उघडला, की दुरुस्त केलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना ज्याने चक्का उतरवला त्याने चक्क्याच्या अगदी समोर उभं राहायचं. फुटला तर पहिला तुकडा त्याला. मालक नारळ फोडायचा, मजूर लांब उभे राहायचे, आणि हिवराजभाऊ पांढऱ्या शर्टात, हाताची घडी घालून, चक्क्याकडे तोंड करून उभे. एकदा शाळेची सहल घेऊन मी मिलमध्ये गेले होते तेव्हा मी हे पाहिलं. इंजिन धडधडायला लागलं, पट्टा सळसळला, आणि मजूर पुढे सरकून कामाला लागले. कुणी त्यांना 'ठीक आहे ना' असं विचारलं नाही, त्याची गरजच नव्हती.

ज्या मिलमध्ये मी हे पाहिलं तिच्या शेटजींचा मुलगा विक्की. पंचविशीचा, गोरा, बडबड्या, सतत हसणारा. पुण्याकडे शिकून आला आणि येताना नागपूरहून जुनी एक स्पोर्ट्स कार घेऊन आला. दोन दारं, दोनच माणसांची जागा, पिवळाजर्द रंग, आणि उंची इतकी कमी की गोंदियाच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिचं पोट खरवडायचं. गावातली पोरं तो आवाज ऐकायला कोपऱ्यावर थांबत. हिवराजभाऊ तिला 'घोरपड' म्हणत. विक्की त्यांना लहानपणापासून ओळखत होता. मिलचा माल घेऊन येणाऱ्या टेम्पोत बसून तो शेडमध्ये यायचा आणि लेथपासून चार हात लांब बसून भाभींच्या हातचे पोहे खायचा.

त्या घोरपडीला आणखी चपळ करायचं खूळ विक्कीच्या डोक्यात शिरलं. परदेशात लोक अशा गाड्यांचा मूळचा जड चक्का काढून हलका बसवतात, त्यासोबत कडक क्लच घालतात, मग पाय ठेवताच इंजिन उसळतं, असं त्याने इंटरनेटवर वाचलं होतं. तसा पोलादी चक्का परदेशातून मागवायला महिने लागणार होते. क्लच मात्र त्याने दिल्लीहून मिळवला. मूळचा चक्का काढून तो शेडमध्ये घेऊन आला आणि सोबत एक छापलेलं चित्र आणलं.

"काका, देखो, किनारे से काटना है. वजन किनारे का निकालते हैं."

हिवराजभाऊंनी चित्र पाहिलं आणि हसले. मी जिन्यात उभी होते. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं, कारण ते लाडाचं होतं. "अरे पोट्ट्या, कडा कापली तं चक्का राह्यला का? चक्क्याची जान कडेतच रायते. वजन काढाचं तं पोटातून काढाचं."

मिलच्या चक्क्याबाबत हे शंभर टक्के खरं होतं. तिथे पट्टा कडेवर चालतो, कडेचं वजनच इंजिनाला सांभाळतं, म्हणून कडेला कुणी हात लावत नाही. चक्का हलका करायचाच झाला तर मधला भाग, म्हणजे पोट, पातळ करायचं. त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं, त्यांच्या गुरूनेही हेच केलं होतं. मिलचं इंजिन संथ फिरतं, तिथे ते चालून जातं. विक्कीच्या गाडीचं इंजिन त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरणारं, आणि चक्का बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जे वाकत नाही, सरळ फुटतं. जाड कडा बाहेर ओढणार आणि पातळ पोटाने तिला धरून ठेवायचं. आज हे मी दोन वाक्यांत लिहू शकते. त्या दिवशी शेडमध्ये हे कुणालाच सुचलं नाही. विक्कीने थोडी कुरकुर केली, मग चित्राची घडी करून खिशात टाकली. काका म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, असं तो धरून चालला.

चक्का उतरवायला दोन दिवस लागले. हिवराजभाऊंनी हातोडीने ठोकून त्याचा नाद ऐकला, बोटं फिरवली, "बसते" म्हणाले. गाडी जोडून झाल्यावर रीतीप्रमाणे समोर उभं राहायचं तर चक्का इंजिनाच्या पोटात. म्हणून ते विक्कीच्या शेजारी बसले आणि दोघे बोदलकशाच्या तलावापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. "उडते जी मॅडम! घोरपड नाई, पाखरू झाली!" त्यांना इतकं खुश मी त्याआधी पाहिलं नव्हतं. भाभींनी दोघांच्या पायांवरून चुंबक फिरवलं आणि विक्कीसमोर पोह्यांची ताटली ठेवली.

पावसाळा संपता संपता, भर दुपारी, तिरोड्याच्या रस्त्यावर तो चक्का फुटला. विक्की एकटाच होता. गाडी पळवत होता हे खरं, पण पळवण्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता. गियर बदलायला त्याने डाव्या पायाने क्लच दाबला, इंजिन मोकळं होऊन उसळलं, आणि चक्क्याचा एक तुकडा पत्रा फाडून थेट त्या पायावर आला. शेतातल्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. नागपूरच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला.

गावात एका दिवसात ठरून गेलं की शेटचा पोरगा उडवत होता, झालं ते झालं. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. गाडी मिलच्या गोदामात आणून टाकली होती. हिवराजभाऊ तिथे एकटेच गेले आणि चक्क्याचा मोठा तुकडा टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. मला हाक मारली. तुकडा लेथवर ठेवलेला होता.

"कडा पाहा मॅडम. काही झालं नाई तिले. साबूत हाये." त्यांचं बोट कडेवरून आत सरकलं. "हे पोट. इथून गेला. अन् पोटातून मी उतरवलो. पोट्टा सांगून राह्यला होता, कडेतून काढा. मी हसलो त्याच्यावर."

मी काहीतरी बोलले असेन. अपघात असतात, कुणाच्या हातात नसतं, असलंच काहीतरी. त्यांनी तुकडा पुन्हा टॉवेलात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "शेटकडे चला माह्यासोबत. तुमी मास्तरीण, तुमच्यासमोर बोललेलं मोडत नाई कोणी." आम्ही मिलच्या ऑफिसात गेलो. हिवराजभाऊंनी तुकडा टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. विक्कीचं चित्र, आपलं हसणं, सगळं. आणि म्हणाले, "तुमी पोलिसात सांगा. माह्यं नाव सांगा. मी नाई म्हणणार नाई."

शेटजींनी खूप वेळ तुकड्याकडे पाहिलं. मुलाचा पाय गेलेला बाप होता तो; मला वाटलं आता हा उठून मारणार, आणि मारलं तर बरं होईल. ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मिस्त्रीजी, लड़का तेज़ चलाता था. बात ख़तम. ये टुकड़ा यहीं छोड़ के जाइए, और ये बात दुबारा ज़बान पे मत लाना." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "मेरी मिल के सब चक्के आपके हाथ के हैं. सीज़न सर पे है. कल मज़दूर को मालूम पड़ा तो मशीन के पास खड़ा कौन रहेगा?"

हिवराजभाऊ तरी उभेच होते. त्यांना वाटत होतं अजून काहीतरी व्हायचं आहे. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. त्या शेटजींवर मी कितीतरी दिवस मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले. स्वतःच्या पोरावर खापर फोडून मिल चालू ठेवणारा बाप मला समजत नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही समजत नाही. शिक्षा झाली असती तर हिवराजभाऊ ती भोगून मोकळे झाले असते. त्यांना ती दिलीच नाही.

त्यानंतर सकाळी सातला लेथ सुरू होईना. मला झोपेतून आपोआप जाग यायची आणि खाली शांतता. माल घेऊन टेम्पो यायचा, हिवराजभाऊ त्याला दुसऱ्या लेथवाल्याचा पत्ता सांगून परत पाठवायचे. मग ते स्वतः मिलांत जायला लागले. आपण पूर्वी उतरवलेले चक्के थांबवा, मला पाहू द्या, असं मालकांना म्हणत. ऐन हंगामात कोण मिल थांबवणार? एक-दोघांनी मान ठेवून थांबवली, चक्के ठणठणीत निघाले, तरी यांचं समाधान होईना. आठवड्याने पुन्हा तिथेच. शेवटी चौकीदारांना सांगून ठेवण्यात आलं की मिस्त्री आला तर गेट उघडायचं नाही.

"जेवताना ताटाची कडा चाचपून राह्यते," भाभी एकदा म्हणाल्या. "मी म्हणलं, जेवा ना बाप्पा, ताट हाये ते. तं म्हणते, पाहून राह्यलो." बोलता बोलता त्या रडायला लागल्या आणि मग रडत रडतच मला शिव्या द्यायला लागल्या, की त्या दिवशी जिन्यात उभ्या होता तर तुम्ही तरी काही बोलला का नाही. मला काय कळत होतं चक्क्यातलं? पण मी ऐकून घेतलं. शिव्या द्यायला त्यांच्याजवळ दुसरं होतं कोण?

वर्षभराने विक्की आला. नवा पाय बसवला होता, हातात काठी. भाभींनी सवयीने चुंबक हातात घेतलं, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यानेच उजवा पाय उचलून पुढे केला आणि म्हणाला, "अब आधा काम है, काकी." मला वाटलं भाभी कोसळतील, पण त्यांनी चुंबक फिरवलं.

हिवराजभाऊ शेडच्या कोपऱ्यात बसले होते. विक्की त्यांच्यासमोर स्टुलावर बसला. गाडी त्याने दुरुस्तीला लावायचं ठरवलं होतं, या खेपेस चक्का परदेशातून मागवणार होता. "पर पैर से क्लच नहीं दबेगा, काका. हाथ का लीवर चाहिए. वो आप बनाओगे."

"दुसऱ्याकडून करून घे."

"नहीं. आप."

"माह्या हातानं नको, बेटा."

तेव्हा विक्की पहिल्यांदा आणि शेवटचा चिडलेला मी पाहिला. "पैर गया तब मैंने कुछ बोला? एक शब्द बोला? अब बोल रहा हूँ. आप बनाओगे, और किसी का मैं लगाऊँगा नहीं!"

मग हिवराजभाऊ म्हणाले, "करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेथ सुरू झाला आणि मी पलंगावरून उठून खिडकीत आले. भाभी लेथला कुंकू लावत होत्या. हिवराजभाऊंनी पांढरा शर्ट घातला होता. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

लीवर आठ दिवसांत झाला. पोलादाचा, हातभर लांब, मुठीशी सुंदर वळण. मी हातात घेऊन पाहिला. "झाला की!" मी म्हटलं. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. त्यांच्या तोंडून तो शब्द काही निघेना. संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा त्यांनी लीवर शिकंज्यात, म्हणजे लोखंड घट्ट धरणाऱ्या पकडीत, आवळून करवतीने मधोमध कापला होता. न कापता ठेवला तर कुणीतरी उचलून नेईल आणि लावेल, म्हणाले. मग दुसरा लीवर करायला घेतला. तोही कापला. विक्की यायचा, विचारायचा, "हो गया क्या, काका?" आणि ते म्हणायचे, "थोडा राह्यला. पुढच्या हप्त्यात ये."

माझी बदली देवरी तालुक्यात, चिचगडच्या शाळेत झाली. तिथून गोंदियाला येणं क्वचितच व्हायचं. तीनेक वर्षांनी एका कामासाठी आले तेव्हा घरी गेले. शेडचा पत्रा गंजला होता. भाभींनी माझ्या पायांवरून चुंबक फिरवलं. हिवराजभाऊ बारीक झाले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. त्यांनी मला ओळखलं, "बसा मॅडम" म्हणाले आणि पुन्हा कामाकडे वळले. शिकंज्यात लीवर होता. त्यांच्या पायाशी, भिंतीला लागून, कापलेल्या लीवरांचा ढीग पडला होता. खालचे गंजून लाल झालेले, वरचे अजून चकाकणारे.

मी चहा पीत होते तेवढ्यात विक्की आला. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर. केस पुढून विरळ झालेले, मिल आता तोच बघत होता. दारातूनच त्याने विचारलं, "हो गया क्या, काका?"

"थोडा राह्यला. मुठीजवळ पाहून घेतो."

"हाँ हाँ, आराम से."

मी त्याच्यासोबत बाहेर आले. मला राहवलं नाही. माझ्या मोडक्या हिंदीत मी त्याला म्हटलं, "विक्की, तू ही इनको बोल दे ना, कि जैसा है वैसा दे दो. मैं लगा लेता हूँ. कितने साल ऐसा चलेगा?"

त्याने काठी स्कूटरला अडकवली. "लगाऊँगा किसमें, मैडम? गाड़ी तो कब की बिक गई."

मी शेडकडे पाहिलं. "उनको मालूम है?"

त्याने नकारार्थी मान हलवली. आत कानस चालल्याचा आवाज येत होता, हळू, एकसारखा. विक्कीने स्कूटर सुरू केली, शेडच्या दाराशी थोडी थांबवली आणि आत ओरडून सांगितलं, "अगले हफ़्ते आता हूँ, काका."